लाल बिल्ड दिसला की आधी लॉग वाचा, रीरन नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअरबद्दल पेपरात येतं ते एकतर एआय नाहीतर नोकरकपात, पण आमचा निम्मा दिवस ज्यात जातो त्या लाल बिल्डबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणी नवा कोड टाकला की सीआय सर्व्हर (सगळ्यांचा कोड तपासणारं मशीन) आपोआप सगळ्या टेस्ट चालवतो आणि काय घडलं ते लॉगमध्ये ओळीने लिहितो, या फेरीला बिल्ड म्हणतात; पास झाल्या तर हिरवं, नाहीतर लाल, आणि लाल असताना कोड पुढे जाऊ द्यायचा नाही.

आता होतं काय, लाल दिसलं रे दिसलं की हात थेट रीरनच्या (तोच बिल्ड पुन्हा चालवायच्या) बटनावर. दुसऱ्यांदा हिरवं आलं की "फ्लेकी टेस्ट आहे ती, सोड" म्हणून मर्ज, म्हणजे कोड मुख्य कोडमध्ये सामील! फ्लेकी म्हणजे कोड तोच, पण टेस्ट कधी पास तर कधी फेल. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे दिले होते, त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट थोड्याफार फ्लेकी निघाल्या आणि पासवरून फेलवर गेलेल्यांपैकी ८४ टक्के वेळा त्यात फ्लेकी टेस्ट होती. हा आकडा रीरनवाले तोंडावर फेकतात, पण उरलेल्या खऱ्या बगांचं काय? आणि टेस्ट फ्लेकी आहे म्हणजे प्रॉडक्ट ठीक आहे असं कोणी सांगितलं, दोन थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकाच डेटावर तुटून पडत असतील तर तो घोळ उद्या युजरकडेही होणारच की.

लॉग उघडणारेही सरळ तळाशी जातात. तिथे असतं काय तर "लॉगिन बटन सापडलं नाही", मग दोन तास त्या बटनाचा सिलेक्टर (पेजवर बटन शोधायची खूण) बदलत बसायचं. वर स्क्रोल केलं असतं तर दिसलं असतं की डेटाबेसचा कंटेनर (तो ज्यात चालतो तो वेगळा डबा) पुरता उठायच्या आत ॲपने कनेक्शन मागितलं, ते रिफ्यूज झालं, लॉगिनचं पेज आलंच नाही तर बटन कुठून येणार. पहिली एरर महत्त्वाची, शेवटची नाही. तसंच एक्झिट कोड (प्रोग्रॅम बंद होताना देतो तो आकडा) १३७ दिसला तर टेस्टच्या कोडमध्ये डोकं घालूच नका, १२८ अधिक ९ (९ हा जबरदस्तीने बंद करायचा सिग्नल) म्हणजे प्रोसेस बाहेरून मारलीय, बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते.

"माझ्या मशीनवर तर चालतंय" हे ऐकून कान किटले. चालणारच! मॅक सहसा फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल बघत नाही, लिनक्स बघतो. लॅपटॉपवर लोकल टाइम, सर्व्हरवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपास तारखेची टेस्ट मरते आणि सकाळी जिवंत होते. एखादी टेस्ट एकटी चालवली की पास, आधीच्या टेस्टने डेटा सोडला असेल तर फेल. आणि टेस्टमध्ये स्लीप (नुसतं थांबायची सूचना) दोन सेकंद टाकून वाट बघणारे तर काय बोलावं, अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टांवरच्या २०१४ च्या अभ्यासात फ्लेकीपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच निघालं, असिंक (मागे आपल्या वेळेने चालणारं) काम संपायची नीट वाट न बघणं. सेकंद मोजू नका हो, कंडिशन पूर्ण व्हायची वाट बघा.

रीरनला माझा विरोध नाही. पण आधी पहिल्या फेलचा लॉग, स्क्रीनशॉट आणि रँडम सीड (टेस्टमधली रँडम मूल्यं पुन्हा तीच आणणारा आकडा) जपून ठेवा, मग सर्व्हरवर जी डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) आहे तीच आपल्या मशीनवर घेऊन त्याच कमिटवर (कोडच्या त्याच नोंदवलेल्या बदलावर) चालवा. दरवेळी फेल होत असेल तर गिट बायसेक्टने (कमिट अर्धे-अर्धे करत तपासणाऱ्या कमांडने) घोळ करणारा कमिट सापडतो. कधी पास कधी फेल असेल तर टेस्ट वेगळी काढा, पण ती दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि मुदत टाकून, नाहीतर ती तिथेच सडते (आमच्याकडे अशांचं कब्रस्तान आहे).

मॅनेजर लोकांना एकच विनंती, रीरननंतर पास झालेला बिल्ड डॅशबोर्डवर हिरवा दाखवू नका. जेनकिन्स या सीआय सॉफ्टवेअरमध्ये अनस्टेबलसाठी (डळमळीत बिल्डसाठी) पिवळा रंग आधीपासून आहे, तो वापरा आणि आठवड्याच्या मीटिंगमध्ये पिवळे किती झाले ते विचारा.

आपला,
एक टेस्ट ऑटोमेशनवाला