दिल्या, स्टेअरिंगमागच्या त्या छोट्या स्क्रीनबद्दल

सातारा, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

परवा लग्नाहून येताना तू पुढं बसलेलास आणि स्टेअरिंगच्या मागची ती हाताच्या पंजाएवढी स्क्रीन बघून विचारलंस हे काय बसवलंयस, तेव्हा मी नंतर सांगतो म्हणून विषय टाळला, कारण मागं सगळी पाहुणेमंडळी होती आणि मला हे नीट सांगायचं होतं. आता तूपण इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं म्हणतोयस, रोज सांगली ते तासगावची बाग आणि परत, तर बॅटरीतून किती जातंय ते दाखवणारी ती स्क्रीन मी का आणि कशी केली ते लिहितोच सगळं.

सुरुवात आईपासून आहे. तिच्या डोळ्यांचं तुला माहितीय, महिन्याला एकदा पुण्याला इंजेक्शनसाठी न्यावं लागतं. जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर आणि माझी गाडी सेकंडहँड, बॅटरी ३०.२ युनिटची, हायवेला खरे दोनशेच धरायचे, म्हणजे पुण्यात थोडं चार्ज करायलाच लागतं. गेल्या मे महिन्यात परत येत होतो, दुपारचे अडीच, खंडाळा सोडलं आणि खंबाटकीचा घाट चढायला लागलो. घाटाच्या पायथ्याला रेंज, म्हणजे गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा, ८२ दाखवत होती, वर पोचेपर्यंत ५५. पाच-सहा किलोमीटरात सत्तावीस गेले, आणि घर अजून चाळीसेक किलोमीटर. मी घाबरलो रे. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि तसाच साताऱ्यापर्यंत आलो. आईच्या एका डोळ्यावर पट्टी, तोंडावर गरम वारा, पदरानं घाम पुसत बसलेली, आणि मी विचारलं की म्हणायची चालतंय रे, तू गाडीकडं बघ. घरी पोचलो तेव्हा रेंज किती होती माहितीय? ४६. घाट उतरून सुरूर, भुईंज, आनेवाडी करत चाळीस किलोमीटर आलो आणि आकडा फक्त नऊनं कमी झाला!

ते ४६ बघून मला रात्री झोप नाही. म्हणजे तो आकडा काय सांगतोय तेच मला कळत नव्हतं. तो आकडा म्हणजे मागच्या काही किलोमीटरवरून काढलेला अंदाज असतो, घाट चढलास की त्याला वाटतं आता पुढं सगळा घाटच, आणि उतारावर त्याच्या उलट. मला अंदाज नको होता, बॅटरीतून या क्षणाला किती जातंय ते पाहिजे होतं.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडं टेस्लाची मॉडेल ३, ती गाडी २०१७ ला आली तेव्हापासूनच ड्रायव्हरच्या समोर मीटरच नाही, स्पीडसुद्धा मधल्या १५ इंची स्क्रीनवर मान वळवून बघायचा. म्हणून तिकडं लोक बाहेरून छोटा डिस्प्ले घेऊन स्टेअरिंगमागं लावतात, त्यानंही लावलाय, त्यावर स्पीड तर आहेच पण बॅटरीचं टेम्परेचर आणि किलोवॅटपण. आपल्या गाड्यांना मीटर असतं, पण आतली माहिती मीटरवर येत नाही, ती गाडीच्या वायरींत मात्र सतत फिरत असते. कॅन बस म्हणतात त्याला, बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढं आणली, दोनच वायरी, त्यावर गाडीतले सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. स्टेअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं बघ, सर्व्हिसवाला स्कॅनर लावतो ते, ओबीडी. त्यात पिन ६ आणि १४ म्हणजे त्या दोन वायरी.

तू म्हणशील मोबाईल आणि ब्लूटूथचा डोंगल लावायचा की, हजाराच्या आत येतो. लावला मी पहिल्यांदा. ईएलएम ३२७ नावानं जे स्वस्तात मिळतं त्यातलं बरंचसं नकली चिपचं असतं, माझं तर दर दहा मिनिटांनी कनेक्शन सोडायचं, आणि घाटात मोबाईलला हात लावणं मला पटत नाही. मग ठरवलं स्वतः करायचं. यूपीएस-इन्व्हर्टरच्या दुकानात बारा वर्षं सोल्डरिंगच करतोय ना. ईएसपी ३२ चा बोर्ड घेतला, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येतो असा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्याच्यात कॅनचा कंट्रोलर आतच असतो, फक्त बोर्ड आणि त्या दोन वायरींना जोडणारा ट्रान्सीव्हर बाहेरून लागतो, एसएन ६५ एचव्हीडी २३० नावाचं नखाएवढं मॉड्यूल, आणि एक रंगीत टीएफटी स्क्रीन.

आता हे लक्ष देऊन वाच. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून गाडी पूर्ण झोपलेली असताना पिन ६ आणि १४ मध्ये मल्टीमीटर लावला की ६० ओहम दिसले पाहिजेत. मला साठ दिसले, खूश झालो. माझा बोर्ड जोडला तर ४०! दोन तास वायरी तपासल्या. शेवटी भिंग लावून बघितलं तर त्या नखाएवढ्या मॉड्यूलवर कंपनीनंच एक १२० ओहमचा रेझिस्टर बसवून दिलेला. म्हणजे मी बसच्या मध्येच तिसरं टोक तयार करत होतो. तो काढला, परत साठ. असं न बघता कोणी चालू गाडीत जोडलं तर डॅशबोर्डवर भलतेसलते दिवे लागू शकतात, आणि स्टेअरिंग, ब्रेकचं बोलणंपण अशाच वायरींवर चालतं, त्यामुळं इथं घाई करायची नाही म्हणजे नाही.

दुसरी चूक मात्र पूर्ण माझी. सप्लाय मी त्याच सॉकेटच्या पिन १६ मधून घेतला, तिथं १२ व्होल्ट चोवीस तास असतात. चार दिवस गावच्या जत्रेला गेलो, आलो तर गाडी उघडेना. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आणि गाडी मेलेली. कारण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, ओढायलासुद्धा आधी ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी लागते, आणि माझा बोर्ड रात्रंदिवस माहिती विचारत बसल्यामुळं गाडीतले कंट्रोलर झोपतच नव्हते. दुकानातून बॅटरी आणून जंपर लावला तेव्हा उठली. आईची तारीख दुसऱ्याच दिवशी होती, मला अजून त्या संध्याकाळची धडधड आठवते. आता चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून सप्लाय घेतलाय, फ्यूज टॅप लावून, कंपनीची एकही वायर न कापता. मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजच्या नारंगी केबलला तर मी बोटही लावलेलं नाही, तूही लावायचं नाहीस.

आता स्क्रीनवर काय दिसतं. किलोवॅट मोठ्या अक्षरात, खाली बॅटरीचं टेम्परेचर, बॅटरीतल्या सेलांपैकी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सेलचं व्होल्टेज, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची तब्येत. बस एवढंच, जास्त भरलं की रस्त्यावरची नजर हटते. पहिल्या दिवशी घरासमोर गाडी उभी करून एसी लावला, करंट तीन अँपिअरनं वाढला. पॅक ३२० व्होल्टचा, म्हणजे जेमतेम एक किलोवॅट. आणि खंबाटकी चढताना गाडी पंचवीसच्या आसपास खाते. दिल्या, मी मे महिन्यातल्या त्या दुपारचा हिशोब केला, घाटापासून घरापर्यंत पन्नास मिनिटं एसी चालू ठेवला असता तर ०.८ युनिट, म्हणजे सहा किलोमीटर. गाडीत ४६ शिल्लक होते. सहा किलोमीटरसाठी मी आईला त्या उन्हात तापवत आणलं. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितोय.

खरं खाणारी गोष्ट स्पीड आहे. ८० ला अकरा किलोवॅट, १०० ला अठरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो हे शाळेत पाठ केलेलं, पण शिरवळजवळ ट्रकला ओव्हरटेक करताना तो आकडा उडी मारताना बघितला तेव्हा कळलं.

मग एक रविवार फक्त यासाठी यवतेश्वरवरून कासला गेलो. साताऱ्यापासून कास साधारण पाचशे मीटर उंच, गाडी आणि माणसं मिळून सोळाशे किलो, नुसतं ते वजन वर उचलायला गणितानं २.२ युनिट लागतात. वर पोचेपर्यंत एकूण पाचच्या जवळ गेले, रस्त्याचं अंतर धरून बरोबर बसतं. उतरताना आकडा उणे झाला, मोटर बॅटरीत परत भरत होती, चढताना गेलेल्यातलं थोडं असं परत मिळालं. पठारावर फुलांचा सिझन नव्हता, नुसता वारा, पण मी तिथं थांबून वहीत आकडे लिहिले आणि फार बरं वाटलं. एक ध्यानात ठेव, वर महाबळेश्वरला हॉटेलात गाडी १०० टक्के भरून घाट उतरायला लागलास तर बॅटरीत जागाच नसते, रीजन, म्हणजे मोटरचं हे परत भरणं, मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदला थांबव.

आणि सेलचं. आपल्या गाडीत बॅटरीचे सेल लिथियम फेरो फॉस्फेटचे, त्यांचं व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळं गाडीलासुद्धा टक्केवारी नेमकी काढणं जड जातं. मध्ये सेलांत ८ मिलिव्होल्टचा फरक दिसतो पण पूर्ण भरताना माझ्यात १२० चा दिसला. मग सेल एकसारखे व्हावेत म्हणून घरच्या स्लो चार्जरवर तीन-चार वेळा शेवटपर्यंत भरून तसाच लावून ठेवला, आता ४० वर आलाय. सेकंडहँड घेताना हा फरक आधी बघ, किलोमीटर आणि पॉलिश नंतर.

मागच्या महिन्यात परत खंबाटकी. रेंज तशीच धडाधड पडली. मी एसी २४ वर ठेवला आणि आई घाटभर झोपली.

तुझ्यासाठी दुसरा बोर्ड करून ठेवलाय, तो रेझिस्टर मी आधीच काढलाय. पुढच्या आठवड्यात सांगलीला कोणी येत असलं तर कंदी पेढ्यांबरोबर पाठवतो. गाडी आली की आधी जोडू नकोस, पिन ६ आणि १४ मध्ये मल्टीमीटर लाव आणि साठ येतात का बघून मला फोन कर, रात्री कितीही वाजू देत. वहिनींना आणि पोरांना आठवण सांग. काकूंचा गुडघा कसा आहे ते लिही.

तुझा,
सम्या