सोयाबीनचा बेवड आणि नत्राचा हिशेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रब्बीच्या तोंडावर शेतीविषयक लिखाणात एक वाक्य हमखास वाचायला मिळते: सोयाबीन द्विदल असल्याने ते हवेतील नत्र जमिनीत साठवते, म्हणून त्याचा बेवड, म्हणजे पीक निघाल्यावर मागे राहिलेल्या रानाचा कस, चांगला. हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. आणि त्याच्याच भरवशावर आमच्या लातूर भागात वर्षानुवर्षे खरिपात सोयाबीन व त्यावर हरभरा घेतला जात असल्याने उरलेले अर्धेही मांडावे असे वाटले.

मुळांवरच्या गाठींमुळे द्विदल पिके हवेतील नत्र वापरू शकतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्येच दाखवून दिले. मात्र हा नत्र आधी पिकाच्या पोटात जातो आणि त्यातला मोठा वाटा दाण्यात उतरतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे क्विंटलमागे सहा किलोंहून थोडा अधिक नत्र आपण आडतीवर नेऊन घालतो. एकरी ८ क्विंटल उतारा धरला तर हा आकडा ५० किलोंच्या घरात जातो. त्यातला निम्मा हवेतून आला असे मानले, तरी उरलेला निम्मा जमिनीचाच. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीतही साधारण २१ किलोच नत्र असतो. पानगळ आणि मुळे यांतून काही परत येते, परंतु मळणीनंतरची गुळी, म्हणजे उरलेला वाळका काडीकचरा, बांधावर पेटवली की जमेची बाजू आणखी लंगडी होते.

गाठी काम करतात की नाही, हेही आपण पाहत नाही. मागच्या खरिपात चाळीस दिवसांची काही झाडे मी खुरप्याने मातीसकट काढून बादलीत भिजवली, कारण झाड नुसते उपटले तर गाठी मातीतच तुटून राहतात. ज्या पट्ट्यात युरिया फेकला नव्हता तिथल्या गाठी नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे चालू होत्या. शेजारच्या पट्ट्यात पीक पिवळे दिसले म्हणून मीच घाईने युरिया टाकला होता. तिथे गाठी मोजक्या, बारीक आणि आतून पांढरट होत्या. आयता नत्र मिळाल्यावर पीक गाठी पोसत नाही, हे वाचलेले होते, पण ते स्वतःच्या बादलीत पाहावे लागले.

दुसरा प्रश्न फेरपालटाचा, म्हणजे त्याच रानात पीक बदलून घेण्याचा. सोयाबीननंतर हरभरा ही फेरपालट नावापुरतीच आहे, कारण दोन्ही पिके द्विदल. हरभऱ्याला मुळात हेक्टरी २५ किलो नत्राची शिफारस असते, तेव्हा बेवडाचा खरा लाभ घेणारे तृणधान्य या साखळीत उरलेच नाही. शिवाय हरभरा त्याच रानात वारंवार आला की मर रोगाची बुरशी जमिनीत मुक्काम ठोकते. पूर्वी मूग-उडीद ऑगस्टअखेर निघत, शेंगा तोडून हिरवा पाला रानातच गाडला जाई आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारी पेरली जाई. सोयाबीन निघेपर्यंत ज्वारीची वेळच टळते. ज्वारी मागे पडण्याला मजुरी, पाखरे आणि दर ही कारणेही आहेत, त्यामुळे सोयाबीन सोडा असे कुणाला सांगण्याइतका मी भाबडा नाही. पण आलटून पालटून एखाद्या तुकड्यावर मूग आणि ज्वारी घेणे लहान शेतकऱ्यालाही जमते.

गुळीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. ती वाळलेली असल्याने पेरणीच्या तोंडावर गाडली तर कुजताना आधी जमिनीतलाच नत्र ओढून घेते. त्यापेक्षा शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) देऊन खड्ड्यात कुजवलेली बरी. ही माहिती आपण सोंगणीपूर्वी छापावी, कारण मळणी यंत्र रानातून गेल्यावर दोन-चार दिवसांतच गुळीला काडी लागते.

आपला,
एक शेतकरी
ता. औसा, जि. लातूर