चि. ओंकारला, मुलाखतीच्या आधी

पुणे, सोमवार, १४ जुलै २०२५, रात्री

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आई उद्या सकाळच्या डेक्कन क्वीनने निघते आहे. तुझा निळा ब्लेझर, बँकेचे शिक्क्याचे कागद आणि हे पाकीट घेऊन ती दादरला मावशीकडे येईल. ब्लेझरचं वरचं बटण सैल झालं होतं, ते तिने आज पक्कं केलंय. बुधवारी व्हिसाच्या मुलाखतीला बीकेसीला अमेरिकन वकिलातीत वेळेच्या आधी पोहोच. आत फोन नेऊ देत नाहीत, तो मावशीकडेच ठेव. पाऊस आहे, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल.

शुक्रवारी रात्री मी जे बोललो त्याबद्दल लिहायला बसलोय. त्या एका पोस्टबद्दल या पत्रात बोलायचं नाही, असं ठरवून बसलोय.

मेअखेर मुलाखतींच्या तारखाच बंद झाल्या, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जूनमध्ये त्या परत सुरू झाल्या आणि सोबत हा नियम आला, की विद्यार्थ्यांनी आपली सोशल मीडियावरची सगळी खाती उघडी ठेवायची. गेल्या ५ वर्षांतल्या सगळ्या खात्यांची नावं तर तू फॉर्मात आधीच भरली होतीस. शुक्रवारी तू जेवता जेवता म्हणालास, "केलं सगळं पब्लिक," आणि माझा घास घशातच राहिला. मग मी नाही नाही ते बोललो. "पुसून टाक सगळं," म्हणालो. "देशाची काळजी वाहायला तुला कुणी नेमलंय," असंही म्हणालो. तू एवढंच विचारलंस, "बाबा, तू वाचलंयस का, मी काय लिहिलंय ते?" आणि चप्पल घालून निघून गेलास. शिवनेरीत बसल्याचा मेसेजसुद्धा आईला केलास, मला नाही.

वाचलं नव्हतं रे. पस्तीस वर्षं प्रुफं वाचली. लोकांच्या कादंबऱ्या, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, अगदी श्राद्धाच्या पोथ्यासुद्धा. स्वतःच्या मुलाचं एक पान कधी वाचलं नव्हतं. शनिवारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला, तो सकाळी दूध आलं तेव्हा बंद केला.

शाळेत पहिलीपासून हिंदीच्या जीआरवर तू लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं. १६ एप्रिलचा निर्णय, १७ जूनचा सुधारलेला, २९ जूनला दोन्ही मागे. सगळं तारखांसकट, एकाही माणसाला शिवी न देता. खाली एकाने तुला आईवरून लिहिलं होतं. त्यालाही तू "दादा, मुद्द्यावर बोलू" असं उत्तर दिलंस. माझ्याच्याने ते झालं नसतं. आणि ते बीजीएमआयचं, म्हणजे पबजीच्या त्या भारतातल्या अवताराचं! जुलै २०२२मध्ये तो गेम स्टोअरवरून काढला, मे २०२३मध्ये वेळेची बंधनं घालून परत आणला. मधले दहा महिने तुम्ही मुलं रात्री दोन-दोन वाजता वाद घालत होतात, की सरकारने एखादं ॲप बंद केलं तर त्याचं कारण लोकांना सांगायला हवं की नको. मी समजत होतो तुम्ही बंदुकांच्या गप्पा मारताय. इतकी वर्षं तुझ्या दारावर टकटक करून "झोप आता" म्हणत होतो, तेव्हा आत हे चाललेलं असायचं.

"की" तू सगळीकडे ऱ्हस्व लिहितोस. एका पोस्टमध्ये चार वेळा. दीर्घ असते ती.

बरं, आता ती पोस्ट. नाही म्हणता म्हणता आलोच तिच्यावर. मेमध्ये आपल्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या त्या मुलीला एका पोस्टवरून पोलिसांनी पकडलं, तिच्याबद्दल तू उच्च न्यायालयाच्या आदेशाच्या रात्री लिहिलंस ती. मला तिच्यातलं एकही वाक्य खोटं वाटत नाही. हे मी तुला कबूल करतो. तरी ती काढ, असं मला सांगायचं आहे. इथले लोक वाचतील, तिथले लोक वाचतील. खिडकीपलीकडचा साहेब कोणता शब्द धरून बसेल ते आपल्या हातात नाही. गेल्याच आठवड्यात जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं, त्याच्यावर काही लिहायला जाऊ नकोस. एवढंच सांगायचं होतं.

पण "काढ" असं लिहिलं आणि हात थांबला. त्या मुलीने स्वतःची पोस्ट दोन तासांत काढली होती. माफीही मागितली होती. हे तूच लिहिलंयस. तरी तिला येरवड्यात राहावं लागलं आणि परीक्षेसाठी न्यायालयाला तिच्या सुटकेचा आदेश काढावा लागला. मग मला पालघर आठवलं. २०१२ साली बाळासाहेब गेले तेव्हा तिथल्या दोन मुलींना धरलं होतं. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. पुढे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्यातलं ते कलम ६६ए रद्दच केलं, पण ती रात्र त्यांच्या आईबापांनी काढली ती काढलीच. आणि हडपसर. जून २०१४. तू तेव्हा सहावीत होतास, तुला क्लासहून आणायला मी स्कूटर घेऊन आलो होतो, आठवतं? फेसबुकवरच्या कसल्याशा चित्रांवरून शहर पेटलं होतं आणि नोकरी करणाऱ्या एका साध्या इंजिनिअर पोराला जमावाने मारलं. त्याने काही लिहिलंच नव्हतं.

एकीने लिहून पुसलं, एकीने नुसतं लाइक केलं, एकाने काहीच केलं नाही. मग मी तुला सांगू काय? काय केलंस म्हणजे तू सुखरूप राहशील? दोन दिवस हेच डोक्यात फिरतंय. उत्तर सापडत नाही, म्हणून तुझ्यावर ओरडलो.

नानांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. ते पोस्टाने बुद्धिबळ खेळायचे, एवढं तू ऐकलं आहेस. मिरजेच्या काकांबरोबर. एका कार्डावर एक चाल. पण चालीला जागा लागते ती किती? उरलेल्या कार्डभर दोघं राजकारण लिहायचे. बँकांचं राष्ट्रीयीकरण, दुष्काळ, रेल्वेचा संप. अक्षर इतकं बारीक की पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी सरकलेल्या असायच्या. तुमचं रात्रीचं बोलणं वाचताना मला सारखी ती कार्डं दिसत होती. खेळ आणि देश एकाच कार्डावर.

२५ जून १९७५ला आणीबाणी आली. पुढच्याच महिन्यात वाड्यातल्या समोरच्या जोशीमास्तरांना येरवड्याला नेलं. त्या रात्री नानांनी कार्डांचा ट्रंक ओढून न्हाणीघरात आणला आणि बंब पेटवला. मी दहा वर्षांचा. मी एकेक गठ्ठा हातात देत होतो आणि ते वरून आत सोडत होते. नारळाच्या शेंड्या, गोवऱ्या आणि कार्डं. आजी दारात उभी राहून म्हणत होती, "चाली तरी ठेवा, खेळ अर्धा आहे." नानांनी मान हलवली. पाणी कढत झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याच पाण्याने आंघोळ केली. नंतर कळलं, आपल्याकडे कुणी आलंच नाही. ७७ साली सगळं सुटलं, मास्तर परत आले, पेढे वाटले. नानांनी मात्र पुन्हा कुणाला कार्ड लिहिलं नाही. पटही माळ्यावर गेला. त्याला आता पन्नास वर्षं झाली, आणि शुक्रवारी तुला "पुसून टाक" म्हणताना माझा आवाज हुबेहूब त्यांचा आला. आईने पण तेच सांगितलं.

आता मी जे लिहिणार आहे ते पाच वर्षं उशिरा लिहितोय.

सप्टेंबर २०२०मध्ये मला ऑक्सिजन लावला होता, तेव्हा तू रात्रभर गेमवर होतास, हे मला घरी आल्यावर कळलं. मी बोललो नाही, पण मनात ठेवलं. तुझी बारावी होती, बाप तिकडे, आणि हा गेम खेळतो. त्यात पबजीवर २ सप्टेंबरला बंदी आलेली, ११८ ॲपच्या यादीत नाव मी स्वतः पेपरात वाचलेलं. म्हणजे खोटंही बोलतो, असं धरून चाललो. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांचा ३० ऑक्टोबरपर्यंत चालू होता, हे मला परवा रात्री समजलं. आणि तू त्या रात्री लिहिलेलं वाचलं: "बाबांना ऑक्सिजन लावलाय. कुणी आहे का? खेळायचं नाहीये, नुसते या." त्यावर पहिलं उत्तर मन्याचं: "आलो."

काल मी मन्याला बोलावून घेतलं. रागावू नकोस. त्याने सांगितलं, की तुम्ही चौघं आत गेलात, पण कुणी स्टार्ट दाबलंच नाही. चौघांची माणसं त्या पडद्यावर नुसती उभी. सोलापूरचा तो मुलगा म्हणे दर अर्ध्या तासाने विचारायचा, "ओंक्या, आहेस ना?" तू हुं म्हणायचास. पहाटे आईचा फोन वाजला आणि माझी पातळी चढतेय कळलं, तेव्हा तू रडलास आणि तिघंही गप्प राहिले. हे तू मला का सांगितलं नाहीस रे? मी विचारलं नाही म्हणून. मला क्षमा कर.

मन्या थोडा वाळलाय. चहा घेतला, पोहे खाल्ले, तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन परत आला. गेल्या वर्षी जूनमध्ये लोकसभेच्या निकालाच्या दिवशी तुमचं जे झालं तेही मी वाचलं, दोघांच्या बाजूने. तो चुकला होता असं माझं मत. तूही "भक्त" वगैरे म्हणायला नको होतंस, बालवाडीपासूनच्या मित्राला तर नाहीच. आज आगरकरांची जयंती, म्हणून सकाळपासून मनात आहे: टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर होते. पुढे केसरी आणि सुधारकातून एकमेकांना काय काय बोलले! आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली याच पुण्यात. आणि १८९५मध्ये ते गेले तेव्हा मृत्युलेख लिहिताना टिळकांना रडू आवरेना. माणूस गेल्यावर रडण्यापेक्षा हयातीत दोन शब्द बोलावेत, मत सोडायचं नाही पण माणूसही सोडायचा नाही, आणि जिथे आपण जाणार तिथे तर...

भाषण झालं. माफ कर. पाच मिनिटं पेन खाली ठेवलं होतं.

आगरकरांनी एम.ए. होताना आईला पत्र लिहिलं होतं, की मुलगा मोठ्या पगाराचा होईल ही आशा धरू नकोस, पोटापुरतं घेऊन बाकीचा वेळ मी परहितासाठी घालवणार. शाळेत असताना ते मला फार थोर वाटायचं. आज आईचा विचार येतो. पत्र वाचून तिने ते कुठे ठेवलं असेल?

तू सहा-सात वर्षांचा असताना तुळशीबागेतून तो टीव्हीवरचा गेम आणला होता. कॅसेटवर शेकड्यांनी आकडा, आत गेम तेच ते. आपण काँट्रा खेळायचो. धबधब्याची लेव्हल आली की तू भराभर वर उड्या मारायचास, पडदा तुझ्याबरोबर वर सरकायचा आणि मी खाली राहून मरायचो. "बाबा, लवकर ये ना!" मला जमायचंच नाही, बोटं जड. मग एक दिवस तू आपणहून थांबलास. एका फळीवर उभा राहून वरून येणारे दगड चुकवत म्हणालास, "ये सावकाश, मी आहे इथे."

आता नको थांबूस. मी येईन मागून, जमेल तसा.

ती पोस्ट मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि काल दुपारी लाल पेन घेऊन बसलो. सवय. ऱ्हस्व-दीर्घ केले, एक अनुस्वार दिला. तिसऱ्या परिच्छेदातलं ते मोठं वाक्य, पोलिसांबद्दलचं, त्याच्यावर रेघ मारली. संध्याकाळपर्यंत तो कागद टेबलावर होता. प्रेसमध्ये चुकून काढलेला मजकूर ठेवायचा असला की आम्ही त्याच्याखाली टिंबं देतो, म्हणजे कंपोझिटर रेघ मानत नाही. मी टिंबं दिली आहेत. कागद या पाकिटातच आहे. काय करायचं ते तू ठरव, आणि काही केलंस तरी मला झोप लागणार नाही, हेही तुला माहीत असू दे.

आईबरोबर नारळाच्या वड्या पाठवतोय, मावशीला अर्ध्या दे. बुधवारी नीट खाऊन जा. साहेबाने काही विचारलं तर जे लिहिलंस तेच सांग, लपवू नकोस. खरंच काढायची असेल तर मंगळवारी रात्रीच काढ म्हणजे... नाही. राहू दे.

बाहेर आलास की फोन कर. आधी मन्याला कर, तो त्या दिवशी सुट्टी काढणार आहे. मग मला.

तुझा,
बाबा