हबवरच्या 15 सेकंदांसाठी आभार

सांगली-मिरजेत कर्करोगाच्या मुलांची सेंट्रल लाइन (औषधासाठी मोठ्या रक्तवाहिनीत बसवलेली नळी) सांभाळणाऱ्या सिस्टरांनो, मनापासून आभार. हब, म्हणजे नळीचं सिरिंज जोडायचं टोक, तुम्ही दर वेळी अल्कोहोल स्वॅबने पूर्ण 15 सेकंद घासता आणि वाळू देता. ओल्या हबला सिरिंज लावत नाही. जंतू बऱ्याचदा तिथूनच रक्तात शिरतात. फ्लशला, म्हणजे नळी आतून धुवायला, 10 मिलीचीच सिरिंज, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त, नळी फाटू शकते. थोडं ढकलायचं, थांबायचं, पुन्हा ढकलायचं. अडलं तर जोर लावायचा नाही, हे तर फारच मोलाचं.

जत-आटपाडीहून 100.4 ताप घेऊन आलेल्या लेकराचं रात्री 2 वाजताही रक्ताचं कल्चर (जंतूंची तपासणी) काढून तासाभरात अँटिबायोटिक सुरू करणाऱ्यांचे, त्याला गाडीत घालून आणणाऱ्या अनोळखी माणसांचेही आभार. आणि नळीवरच्या पारदर्शक ड्रेसिंगचा कोपरा सुटताच, ते बदलायच्या सातव्या दिवसाची वाट न बघता, वॉर्ड गाठणाऱ्या आयांचे.