फोटोसाठी काढलेला रुमाल

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

साहेब, परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी ३१ वर्षं काढली. आता निवृत्त आहे, म्हणून हे लिहायला जीव धजतो.

आषाढीला आमच्या शाळेची दिंडी निघायची. कुणाचा आदेश नसायचा. पोरं घरून टाळ आणायची, नाही मिळाले तर ताटल्या बडवायची. पुढं वरून निरोप यायला लागले: दिंडी काढा, पाचच्या आत फोटो ग्रुपवर टाका. अशाच एका वर्षी चौथीतल्या मुलीला मी म्हणालो, "बेटा, रुमाल काढ, फोटो एकसारखा आला पाहिजे." तिनं डोक्याचा रुमाल सोडला, घड्या घातल्या नि कंपासपेटीत कोंबला. पेटीचं झाकण काही लागेना.

दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. भांडले नाहीत. गावात पंढरीची दिंडी उतरली की पाण्याचा टँकर तेच उभा करतात. एवढंच म्हणाले, "सर, एक बार पूछ लेते थे."

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं २८वं कलम सांगतं. दिंडी हे शिक्षण की उत्सव, यावर वकील खुशाल वाद घालोत. मी मात्र त्या दिवशी पोरीला विचारलं नव्हतं.

धर्माचं नावच वर्गात नको, असं माझं म्हणणं नाही. धर्मांविषयी शिकवायला २८वं कलम आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटलं आहे. त्यासाठी मराठवाड्याइतकी सोय कुठं? वेरूळला बौद्ध, हिंदू, जैन अशी ३४ लेणी शेजारीशेजारी. आमच्या सहली तासाभरात उरकतात, मुलं माकडं मोजून परत येतात. पैठणच्या नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' घ्या. दोघं एकमेकांचे वाभाडे काढतात नि शेवटी गळ्यात पडतात. सातवीला वाचून दाखवला तेव्हा वर्ग खो खो हसला होता, दोन्हीकडचा.

आणि १९३८ आमच्याकडं कोण विसरेल? 'वंदे मातरम्' म्हणायचं नाही, या निजामी हुकमापायी उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांना शिकायला नागपूर गाठावं लागलं. तेव्हा मनाई होती, आता फोटो मागतात.

तर पुढच्या निरोपात दोन ओळी घाला: भाग घेणं ऐच्छिक, फोटो पाठवायचा नाही. दिंडी पोरं काढतीलच.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक