कार्बोरेटर न उघडता गाडी बरी करणाऱ्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

गिऱ्हाईक समोर असताना तुम्ही मान वर करत नाही, तेव्हा हे पत्र तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तरच पोचणार. तरी बेळगावहून गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेनं जुन्या गाड्या हाकणाऱ्यांच्या कानावर जावं म्हणून उघडच लिहितोय.

बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल पिरनवाडी, किणये, कुसमळीपर्यंत झकास पळायची आणि जांबोटीच्या पुढं चढ लागला की गुदमरून बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. बेळगावात जो तो पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडं बोट दाखवायचा. एकानं त्यातल्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, तार फिरवली, दुसरा म्हणाला नवाच घाला.

तुम्ही पाना हातात घेतलाच नाही. “बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून बघितलास काय?” एवढंच विचारलंत आणि मागं बसून मला चढावर पिटाळलंत. गाडी गचके देऊन थांबली तसं झाकण फिरवलंत, आणि सूंऽऽ करून हवा आत गेली. झाकणातलं बारीक भोक मातीनं बुजलेलं! या गाडीला पेट्रोलचा पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं. वरून हवा शिरली नाही तर ते टाकीतच अडकतं, धार बारीक होते. सपाटीला जेमतेम भागतं. चढावर रेस दिली की कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी रिकामी. उभ्या गाडीत ती हळूहळू भरते, म्हणून आपोआप बरी झाल्यासारखी वाटायची.

मी निघालो होतो, पण रेस सोडली तरी आवाज खाली बसत नाही हे तुमच्याच कानानं टिपलं. प्लग पांढराफटक निघाला, म्हणजे इंजिन जादा तापलेलं. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर स्प्रे मारलात तसा आवाज बदलला. चिरेतून फुकटची हवा ओढली जात होती, त्या मानानं पेट्रोल कमी पडत होतं. टू-स्ट्रोक इंजिनाची ही गाडी अशी तापत राहिली असती तर पिस्टन घाटातच जाम झाला असता, तेही मागं ट्रक असताना.

हाताखालच्या पोराला कन्नडात पाना मागायचा आणि मला मराठीत झापायचं, असं तुमचं चाललं होतं. जास्त झापलंत ते त्या तारेवरून. पितळ मऊ, भोक वाढलं की गाडी पेट्रोल पिते. जेट हवेनं फुंकायचा. हे बेळगावातल्या त्या गड्यालाही कुणीतरी सांगावं.

एक मात्र पटलं नाही. पैसे घेतलेत ते फक्त रबराचे. भोक पिनेनं मोकळं करायला कितीसा वेळ लागतो, म्हणालात. अहो, ते भोक आहे हे ओळखायचीच तर मजुरी! पाऊस उघडला की बाबांना घेऊन कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला येणार आहे. तेव्हा ती मजुरी घ्यावी लागेल. आणि मागचा ब्रेकही जरा बघा, करकरतोय.

तुमचा,
आरएक्सवाला