टेसीचा विरोध प्रथेला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ या कथेवरचा लेख आवडीने वाचला. त्यात कथेतल्या टेसी हचिन्सनला ‘प्रथेविरुद्ध उभी राहिलेली स्त्री’ म्हटले आहे, ते मात्र अजिबात पटले नाही. मी ही कथा महाविद्यालयात शिकवते. टेसीची वृत्ती कशी बदलत जाते, या प्रश्नाला मुलेही ‘आधी हसरी, मग घाबरलेली, शेवटी बंडखोर’ असेच उत्तर लिहितात. त्यातले पहिले दोन शब्द खरे आहेत.

२७ जूनच्या सकाळी सुमारे तीनशे वस्तीचे गाव चौकात जमते. काळ्या पेटीतून आधी घरागणिक एक चिठ्ठी काढतात; ज्या घराला काळा ठिपका निघेल, त्या घरातली माणसे पुन्हा एकेक चिठ्ठी काढतात आणि त्यात ज्याच्या चिठ्ठीवर ठिपका निघेल, त्याला बाकीचे सगळे दगडांनी मारतात. टेसी उशिरा येते ती हात पुसत, भांड्यांवरून थट्टा करत. नवऱ्याचे नाव पुकारल्यावर ‘जा की पुढे’ असे त्याला सांगते तीच, आणि आसपासचे लोक हसतात. ठिपका आपल्या घरात आहे हे कळताच तिचा सूर पालटतो. पण तक्रार कशाची? नवऱ्याला चिठ्ठी निवडायला पुरेसा वेळ दिला नाही, याची. त्यानंतर ती लग्न झालेल्या लेकीला आणि जावयालाही आपल्या घरात धरा म्हणते. लेकी सासरच्या घरात मोजल्या जातात, हे तिला ठाऊक असूनही! स्वतःवरचा धोका थोडा वाटला जावा म्हणून आई पोटच्या पोरीला त्या पेटीपुढे ओढते. कितीही वेळा शिकवले तरी या ओळीपाशी माझा आवाज अडखळतो.

शेवटी ठिपका टेसीलाच निघतो. ‘हा अन्याय आहे’ हे तिचे पालुपद अखेरपर्यंत चालते. माणसे मारू नका, असे ती एकदाही म्हणत नाही. चिठ्ठी डेलाक्रॉक्सबाईंना निघाली असती तर टेसीनेही दगड उचलला असता, याबद्दल मला शंका नाही. थोड्या वेळापूर्वी तिच्याशी हसून बोलणाऱ्या याच बाई शेवटी दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा धोंडा निवडतात.

प्रथा बंद करण्याचा विषय कथेत निघतो तो ॲडम्स पतिपत्नींच्या तोंडून. उत्तरेकडच्या गावात लॉटरी बंद करायचे घाटते आहे, असे नवरा, स्टीव्ह, म्हणतो. काही ठिकाणी ती बंद झालीसुद्धा, अशी भर बायको घालते. म्हातारा वॉर्नर अशा लोकांना मूर्खांत काढतो आणि बोलणे तिथेच खुंटते. पुढे दगड मारायला निघालेल्या जमावात स्टीव्ह ॲडम्स सगळ्यात पुढे असतो. माझ्या मते कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस हाच, आणि लेखात त्याचे नावही नाही.

‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या २६ जून १९४८च्या अंकात कथा आली, तेव्हा लेखिकेकडे पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांत गोंधळ आणि संताप होता. काहींना मात्र अशी लॉटरी कुठे भरते आणि ती बघायला जाता येईल का, एवढेच विचारायचे होते.

रीतसर परवानगी मिळवून कथेचा पूर्ण मराठी अनुवाद पुरवणीत छापावा, ही विनंती. लेखावरून मत बनवण्याऐवजी वाचकांनी टेसीचे प्रत्येक वाक्य स्वतः वाचावे, असे मला मनापासून वाटते.

आपली,
एक प्राध्यापिका, सातारा